बाहेरून आत कापायचा दर

गवत कापायला माणूस लावायचा म्हटलं की लोकांना वाटतं, त्यात काय एवढं. दर विचारायचा, घासाघीस करायची, पैसे द्यायचे, झालं. मलाही तसंच वाटायचं. मी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणारी एकटी बाई, दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावते. माझा आणि गवताचा संबंध काय? उगवतं फुकट आणि कापायला मात्र पैसे, हा कुठला न्याय, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलेलं आहे. मग चकरी भेटला.

चकरी म्हणजे गवत कापणारा. खरं नाव असणारच काहीतरी, पण ते त्याच्या बायकोच्या तोंडूनही मी कधी ऐकलं नाही. जमीन चौकोनी असो, तिकोनी असो, नाहीतर भावाभावांनी भांडून वाटून घेतलेली वेडीवाकडी असो, हा माणूस गोल गोल फिरूनच कापणार, म्हणून चकरी. अंगाने काटकुळा. उजवा कान मशीनच्या आवाजाने कधीच गेलेला, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की डावा कान पुढे करून वाकायचा. आणि काम सुरू करायच्या आधी खिशातून कंगवा काढून व्यवस्थित भांग पाडायचा. मी आपली बोलून गेले, गवताला तुमचा भांग दिसतो होय? तर म्हणतो कसा, कुणाच्या घरात शिरताना माणसाने जरा नीट दिसावं. मला हसूच आलं तेव्हा.

मी त्याच्याकडे गेले ती माझ्या ताईपायी. ताईची जागा गावापासून चांगली लांब. मधोमध घर आणि चारही बाजूंनी जमीन, इतकी की पायरीवरून हाक मारली तर फाटकापर्यंत पोचायची नाही. ताईच्या यजमानांनी, म्हणजे माझ्या भाऊजींनी, हौसेने घेतलेली. शेती नाही, फळझाडं नाहीत, नुसतं गवत. भाऊजींना मोकळंढाकळं आवडायचं. मला तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पळून यावंसं वाटायचं आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगायची. भाऊजी हसायचे, म्हणायचे, तुला गर्दीत दात मोजायची सवय लागली आहे.

एका संध्याकाळी ते "फाटक लावून येतो" म्हणून उठले आणि आलेच नाहीत. पायात घरातल्या सपाता, अंगात घरातला सदरा. पोलीस आले, त्यांची कुत्री आली, कितीतरी माणसं ओळीने गवतातून हाका मारत फिरली. सपातसुद्धा सापडली नाही. फाटकाची कडी मात्र लावलेली होती, आणि ती आतून. म्हणजे माणूस बाहेर गेलाच नव्हता. पोलिसांनी कागद केले, सह्या घेतल्या आणि गेले. ताईने तेवढं एकच धरून ठेवलं, की कडी आतून होती.

त्या दिवसापासून तिने गवताला कुणाला हात लावू दिला नाही. गवत वाढत वाढत खिडकीच्या चौकटीला आलं. पायरीपासून फाटकापर्यंत एक पायवाट तेवढी राहिली, तीही दोन्ही बाजूंनी झुकलेली. चालताना गालाला पाती लागायची. मी दर महिन्याला जायची आणि दर महिन्याला तेच सांगायची, की ताई, हे सगळं विकून टाक आणि माझ्याकडे चल. एक खोली तुझी, एक माझी. ती म्हणायची, आणि ते आले तर? यावर काय बोलणार, कपाळ? मी चिडायची. सरळच सांगते, नुसती तिची काळजी नव्हती ती. दवाखान्यातून घरी येऊन कुलूप काढलं की आत जो अंधार असतो ना, त्याचा मला वीट आला होता. मला माझी बहीण हवी होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिला सरकारी ऑफिसची नोटीस आली. वाळलेलं गवत, आगीचा धोका, महिन्याच्या आत कापून घ्या, नाहीतर आम्ही कापू आणि खर्च दंडासकट वसूल करू. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, गवत गेलं की हिच्या डोक्यातलं खूळही जाईल. मग ही येईल माझ्याकडे. गवत कापून घ्यायचं सगळं माझ्याकडे लागलं, असं तिला ठणकावून सांगितलं आणि कामाला लागले.

पहिला आला तो मोठं मशीन असलेला, आरशासारखे बूट घातलेला. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, अहो, गवत कापायचंय, जमीन विकत नाही घ्यायची. दुसरा फाटकापर्यंत आला, आत बघितलं, थोडा वेळ उभा राहिला आणि गाडी वळवून निघून गेला. नंतर फोनसुद्धा उचलेना. तिसऱ्याने सांगितलं, असल्या उंच गवतात आम्ही उतरत नाही, तुम्ही चकरीकडे जा. पत्ताही त्यानेच दिला.

चकरीचं घर रस्त्याच्या कडेला होतं. पहिल्यांदा नजरेत भरलं ते अंगण. गवत कापणाऱ्याच्या दारात मूठभर तरी हिरवं असेल ना, पण नाही. सगळीकडे उघडी माती, चोपून झाडून काढलेली. बायको एका कोपऱ्यात बसून मातीतून वर आलेला एक कोंब नखाने उपटत होती. चांगली बोलकी बाई. मला खुर्ची दिली, चहा दिला, दातांची चौकशी केली. मी दवाखान्यात आहे म्हटलं की सगळे आधी दातच दाखवतात. मुलं किती, विचारलं तर म्हणाली, नाहीत, आम्ही दोघंच. आणि एवढं बोलून ती उठली, झाकलेलं ताट घेऊन आतल्या बंद खोलीच्या दारापाशी गेली, दार हातभर उघडून ताट आत सरकवलं आणि सकाळचं रिकामं ताट घेऊन परत आली. ताट लख्ख पुसलेलं होतं.

"सासूबाई का?" मी विचारलं.

सासूबाईंना जाऊन खूप वर्षं झाली, असं ती म्हणाली. मग कोण, असं मी विचारायच्या आधीच तिने चहाचा कप उचलला आणि म्हणाली, "आहे एक घरचं."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून वास येत होता, ताज्या कापलेल्या गवताचा. मी म्हटलं, मशीन आत ठेवत असतील. लोकांच्या घरात फार नाक खुपसू नये, एवढी अक्कल मला आहे. त्यात चकरी आला आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो जागा बघायला आला. हातात काठी. पूर्ण जमीन फिरला, काठी आपटत. मी पायवाटेवर उभी राहून नुसते गवताचे शेंडे हलताना बघत होते. बऱ्याच वेळाने पायरीशी आला, भांगात अडकलेली कुसळं काढली आणि दर सांगितला. भलताच होता. पहिल्या बूटवाल्यापेक्षा थोडा कमी, एवढंच. मी पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, एवढे कसले पैसे? तेव्हा त्याने त्याची पद्धत सांगितली. तो घरापासून सुरुवात करतो आणि गोल गोल फिरत बाहेर कुंपणापर्यंत जातो. गवतात जे काही राहतं, ससे, उंदीर, साप, पाखरं, ते मशीनच्या पुढे पुढे पळत कुंपणाबाहेर निघून जातं. पण असं कापताना कापलेलं गवत उभ्या गवतावर पडतं, मशीन गुदमरतं, पुन्हा पुन्हा थांबून पातं मोकळं करावं लागतं. तेल दुप्पट जळतं, वेळ दुप्पट जातो. म्हणून पैसे.

मी म्हटलं, मग उलटं करा. कुंपणापासून सुरू करा आणि आत या. किती घ्याल?

तो काठीच्या टोकाची माती पुसत राहिला. मला वाटलं बहिऱ्या कानाने ऐकलं, म्हणून डाव्या बाजूला जाऊन पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने दर सांगितला. आधीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही नव्हता. मी म्हटलं, अहो, मग हे स्वस्त सोडून ते महाग कशाला सांगत होता?

"ते स्वस्त नाही, बाई," तो म्हणाला. "आधी कमी द्यायचं असतं, एवढंच."

मला वाटलं, मागून बिलात काहीतरी चढवणार हा. मी त्याला तसं सुनावणारच होते, तेवढ्यात वरून ताईचा आवाज आला. ती खिडकीत उभी राहून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, बाहेरून आत कापलं की गवतात जे असेल ते कुठे जाईल? चकरीने नुसती मान वर केली. उत्तराची गरजच नव्हती. मधोमध घर. दुसरं कुठे जाणार?

"मग बाहेरून आत कापा," ताई म्हणाली.

चकरी तिला समजावत राहिला. म्हणाला, मी पैसे कमी करतो, पण आतून बाहेर कापू द्या. मला तर चमत्कारच वाटला, गिऱ्हाईक स्वस्त मागतंय आणि हा महाग विकायला आपल्याच पदरचे घालायला निघालाय. पण आमची ताई एकदा हट्टाला पेटली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं होतं.  पण मी म्हटलं, कापू दे बाई. काही निघणार नाही गवतातून, आणि मग तरी ही माणसात येईल.

मी दवाखान्यातून रजा काढली. डॉक्टर कुरकुरले, पण दिली. चकरीने कुंपणाच्या कडेने मशीन घातलं. पहिल्या दिवशी तर ते दिसतही नव्हतं, नुसती घरघर घराभोवती फिरत होती, कधी मागून, कधी पुढून. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर लांब कुंपणाशी फिकट पिवळा पट्टा दिसायला लागला होता. आणि पायरीवर ससे येऊन बसले होते. मी दारात गेले, टाळ्या वाजवल्या. एकही हलला नाही.

मग दिवसागणिक गवताचं बेट लहान होत गेलं आणि घर भरत गेलं. न्हाणीघरात बेडूक. भिंतीवर सरडे, नाकतोडे, कसले कसले किडे. मोरीच्या जाळीत एक लांबलचक साप वेटोळं करून निपचित पडला होता. खिडकीच्या पट्टीवर पाखरं अंगाला अंग लावून बसलेली, आणि त्यातलं एकही आवाज करत नव्हतं. मी दोन्ही पाय वर घेऊन पलंगावर बसून होते आणि तोंडाने ताईच्या नावाने शंख करत होते. ताई मात्र कुणाला धक्का न लावता मधून मधून केर काढत होती, जणू घरात लग्नाचे पाहुणे उतरलेत. दारं सगळी उघडी. मी लावायला गेले तर हात धरला माझा. म्हणाली, राहू दे, वाट असू दे.

मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? स्वयंपाकघरात फळीवर उंदीर बसले होते. खाली पिठाचा डबा उघडा. पण एकाने पिठाला तोंड लावलं नाही. दुपारी चकरी जेवायला मशीन बंद करायचा, सगळीकडे शांत व्हायचं, तरी एकही जनावर बाहेर जायचं नाही. सगळी मागच्या भिंतीला चिकटून गवताकडे तोंड करून बसायची. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही मशीनला भिऊन आलेली नाहीत. मशीनच्या आणि त्यांच्या मध्ये, अजून उभ्या असलेल्या त्या गवतात दुसरं काहीतरी होतं.

चकरी जेवायचा ते उभ्याने, कापलेल्या जमिनीवर, घराकडे आणि गवताकडे पाठ करून. मी एकदा पाणी घेऊन गेले तर त्याचा घास हातातच थांबलेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, बाई, तुम्ही आज गाडीने घरी जा. मी म्हटलं, बहिणीला टाकून? त्याने रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि मशीनकडे वळला.

शेवटी घराभोवती खोलीभर रुंदीचा एक पट्टा राहिला. टळटळीत दुपार होती. वाऱ्याचं नाव नाही. चकरीने मशीन बंद केलं आणि पायवाटेने पायरीशी आला. ताई दारात उभी होती, मी तिच्या मागे.

"मोठ्या बाई, एवढं राहू देऊ या," तो म्हणाला. "ऑफिसवाले काही म्हणायचे नाहीत. दिसायलाही बरं दिसेल."

ताईने कारण विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं, की कालपासून त्याच्या पुढे कुणीतरी चालतंय. माणसाच्या रुंदीचं गवत बाजूला होतं आणि मिटतं. तो थांबला की तेही थांबतं. मशीन सुरू झालं की घराच्या बाजूला एक पाऊल सरकतं.

"तेच आहेत," ताई म्हणाली.

"मीही असंच म्हणालो होतो."

मग त्याने आमच्यापुढे सगळं ओतलं. त्याचा थोरला भाऊ, दोघं मिळून कापायचे. घराच्या मागेच त्यांचं स्वतःचं गवत होतं. भाऊ एकदा त्यात पातं शोधायला गेला आणि आला नाही. लोकांनी नाद सोडला, चकरीने सोडला नाही. त्याने बाहेरून आत कापत आणलं, शेवटच्या काडीपर्यंत, आणि दार उघडं ठेवलं.

"आला ना मग भाऊ?" ताईने विचारलं.

"शर्ट भावाचा होता," चकरी म्हणाला. "आत कोण होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आतल्या खोलीत असतं. या बाईंनी दार बघितलंय."

 ते लख्ख ताट, ती सरकलेली खुर्ची, तो वास. मी ताईचा दंड घट्ट धरला. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता चल, कपडेसुद्धा घेऊ नकोस. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती चकरीलाच विचारत होती, आणि कसं, तर एखाद्या घरी कामाला बाई ठेवताना विचारावं तसं.

"बोलतं?"

"नाही."

"जेवतं?"

"जेवतं. ताट पुसून देतं."

"त्रास देतं काही?"

चकरीने जरा विचार केला. नाही म्हणाला. पण ते आपलं नाही हे रोज आठवतं, तेवढा त्रास.

ताईने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "चकरी, सकाळपासून झोपेपर्यंत या घरात जो आवाज होतो तो सगळा माझा असतो. भांडं पडलं तर मीच पाडलेलं असतं. दार वाजलं तर मीच लावलेलं असतं. तुमच्या घरात दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची सरकते."

"मी येते की गं दर महिन्याला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"येतेस," ताई म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडतेस." रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मग ती चकरीकडे वळली. "कापा."

चकरीने कंगवा काढला, भांग पाडला आणि मशीनवर जाऊन बसला.

ताई मागच्या दारापाशी गेली, तो शेवटचा फेरा मी पुढच्या पायरीवर उभी राहून ऐकला. घरघर बाजूने गेली, मागे गेली, आणि एकदम माझ्या पायांवरून, पायांमधून, घरातलं सगळं जनावर बाहेर सुटलं. ससे, उंदीर, बेडूक, तो सापसुद्धा. पाखरं डोक्यावरून गेली. ज्या उघड्या जमिनीकडे इतके दिवस फिरकली नव्हती, तिच्यावरून ती फाटकाकडे पळत सुटली आणि काही क्षणांत घर रिकामं झालं. मशीन बंद झालं. इतकं शांत झालं की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. मग घराच्या मागच्या बाजूला कुणीतरी सपाता ओढत पायरी चढलं. मागचं दार लागलं. आणि कडी लागली, आतून.

मी जागची हलले नाही. मला मागे जायचं धाडस झालं नाही, कुणी काहीही म्हणो. ताई बऱ्याच वेळाने आतून आली. चेहरा उजळलेला. तिच्या लग्नानंतर इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. अंगाला ताज्या गवताचा वास. मी विचारलं, भाऊजी आहेत? ती म्हणाली, थकलेत. आणि मग, माझ्या खांद्यावरची काडी झटकत, "धाकटे, तू निघ आता. तुझी गाडी चुकेल."

चकरीने ठरल्याप्रमाणे पैसे घेतले, तेवढेच, एक नाणं जास्त नाही. मला गाडीच्या थांब्यापर्यंत सोडलं. 

पुढे मी काय काय केलं नाही. पोलिसांत जाऊन काय सांगणार होते, की माझ्या बहिणीचा नवरा परत आलाय, त्याला घेऊन जा? सहा महिन्यांनी गवत पुन्हा वाढलं तेव्हा मी माझ्या पगारातून, एका शब्दाने घासाघीस न करता, चकरीचा महागडा दर दिला आणि आतून बाहेर कापायला लावलं. दाराच्या उंबऱ्याला मशीन चिकटवून सुरू करा, म्हटलं. त्याने केलं. कुंपणापर्यंत सगळं साफ झाल्यावर येऊन म्हणाला, गवतातलं गेलं, बाई. घरातलं घरातच राहतं. नाहीतर मीही माझ्या अंगणात गवत वाढवून असंच कापलं नसतं होय?

ताई मजेत आहे. अंगावर मांस चढलंय, गाल भरलेत. मी गेले की पुढच्या खोलीत बसवते, चहा करते, दुनियेच्या गप्पा मारते. मध्येच उठते, ताट झाकून आत नेऊन ठेवते आणि रिकामं घेऊन येते. आतल्या खोलीत भाऊजींची आरामखुर्ची करकरते. तो आवाज आला की ताई बोलता बोलता थांबते आणि हसते, स्वतःशीच. मी दाराकडे बघत नाही. पूर्वी ती दर रविवारी संध्याकाळी फोन करायची, मला जांभया येईपर्यंत सोडायची नाही. आता मीच करते. दोन वाक्यं झाली की ती म्हणते, ठेवू का गं, जेवायला वाढायचंय. मग मी फोन हातात घेऊन बसते. घरात भांडं पडलं तर ते मीच पाडलेलं असतं.

परवा चकरी दवाखान्यात आला. दाढ ठणकत होती, गाल फुगलेला. मी त्याचा नंबर लावला, रुमालात बर्फ बांधून दिला. बायको कशी आहे विचारलं, बरी आहे म्हणाला. घरचं? तेही बरं आहे म्हणाला. बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जरा वेळ उगाच कागद सारखे केले आणि मग त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

म्हटलं, आमच्या इमारतीच्या मागे थोडं गवत आहे. कुणी लक्ष देत नाही त्याच्याकडे. चांगलं कमरेएवढं झालंय.

कापायचंय का, त्याने विचारलं. हो म्हटलं. आतून बाहेर? मी मान हलवली, नाही. त्याने गालावरचा बर्फ काढला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला झापणार. मी झापून घ्यायला तयारच बसले होते.

"तुमचं कोण हरवलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

आतून डॉक्टरांनी त्याचा नंबर पुकारला. तो उठला. दारापाशी जाऊन कंगवा काढला, भांग पाडला, आणि आत शिरायच्या आधी वळून मला दर सांगितला.

परवडण्यासारखा होता.